वाटीचं अक्षर

आमच्या घरी कुणी पाहुणा जेवायला आला, की आई आधी वाटी नाकाजवळ नेऊन हुंगायची आणि मगच तिच्यात आमटी वाढायची. पाहुण्याला वाटायचं, बाई फार टापटिपीच्या आहेत. खरी गोष्ट अशी, की आमच्याकडे वाट्या दोन जातींच्या होत्या, एक जेवणाच्या आणि एक रंगाच्या, आणि त्या एकमेकींत कधी मिसळतील याचा नेम नव्हता. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, पाट्या रंगवायचे. रेवदंड्यापासून अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यावर दुकान, गिरणी, होडी, बँडवाल्याचा ढोल, ज्याच्यावर म्हणून अक्षर काढता येतं त्याच्यावर दादांचं एक ठरलेलं अक्षर असायचं. जाडजूड, गुबगुबीत, कुठेही टोक नाही की कोपरा नाही, नुकतंच जेवून उठल्यासारखं सुखी. त्याची सगळी गोलाई आईच्या वाट्यांवरून काढलेली. मोठी वाटी पालथी घालून बाहेरचा गोल, छोटी घालून आतला, आणि अनुस्वाराला कुंकवाच्या करंड्याचं झाकण. लोक त्याला फुगीर अक्षर म्हणायचे. आम्ही मात्र वाटीचं अक्षर म्हणायचो.

"माझ्या माहेरच्या वाट्या आहेत त्या," आई म्हणायची. "माझ्या बापानं त्या आमटीसाठी दिल्या, तुमच्या 'क'साठी नाही." "अगं, आमटी पोटात जाते नि संपते," दादा म्हणायचे. "क बघ जाऊन, गिरणीवर चार वर्षं उभा आहे."  आई भांडी आपटायची. शेवटी वैतागून तिनं एक दिवस रंगाच्या दोन वाट्यांच्या बुडाला लाल ठिपका काढून ठेवला, म्हणजे ओळखू याव्यात. दादांना तो ठिपका इतका आवडला, की संध्याकाळी बसून त्यांनी उरलेल्या चारही वाट्यांना तसाच एकेक ठिपका काढून दिला. वर आईला हाक मारून दाखवलंही, "बघ, आता संच झाला!" त्या दिवशी आई तुळशीपाशी जाऊन बसली ती तासाभरानंच उठली.

परवा माझ्या बहिणीची नात मुक्ता पुण्याहून आली होती. ती संगणकावर अक्षरं तयार करायचं काम करते. हल्ली अशी नोकरी असते आणि तिला पगारही चांगला मिळतो, यावर माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. आमच्या पडवीतली दादांची जुनी पत्र्याची पाटी तिनं अर्धा तास न्याहाळली, फोटो काढले, पातळ कागद ठेवून गिरवून घेतली आणि म्हणाली, "मावशीआजी, याला आता खूप मागणी आहे. रेट्रो म्हणतात याला." मी विचारलं, रेट्रो म्हणजे काय गं? तर म्हणे, जुनं, पण लोकांना पुन्हा हवंसं झालेलं. म्हटलं, असं असतं तर माझे गुडघेसुद्धा कुणी विचारले असते. पण ती सांगते ते खरं आहे. मांडव्याच्या वाटेवर नवी नवी खाण्याची दुकानं निघालीत, शहरातले लोक बोटीतून उतरून तिथं कॉफी प्यायला थांबतात, आणि त्या दुकानांच्या पाट्यांवर आमच्या घरातलं गुबगुबीत अक्षर बसलेलं दिसतं. नीटनेटकं असतं. पण त्याला टर्पेंटाइनचा वास नाही. मला ते अक्षर दिसलं की तो वास आधी आठवतो, आणि त्याच्या मागोमाग चुलीवर भाजलेल्या सुकटीचा. आमच्या वाडीतल्या घरात हे दोन वास कायम एकत्र नांदायचे. बाहेर रहाटाची कुरकुर, वर सुपारीच्या झाडांची सळसळ, पडवीत दादांचं बेसूर गुणगुणणं, आणि माजघरातून आईचा आवाज, "जेवायला या, भाकरी निवतेय."

या अक्षराला स्वभाव होता, हे मला फार लहानपणी कळलं. सोडा-लिंबूच्या गाडीवर ते शोभायचं, बर्फाच्या कारखान्यावर शोभायचं, लग्नाच्या कमानीवर 'सुस्वागतम्' लिहिलं तर वऱ्हाडी आत शिरायच्या आधीच हसायचे. पण एकदा ग्रामपंचायतीनं भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहून घेतलं. दादांनी हौसेनं वाटीचं अक्षर काढलं, लाल अंग, पिवळी कड, वर पांढरी चमक. आठ दिवसांत त्या भिंतीवर पूर्वीपेक्षा दुप्पट पिचकाऱ्या! सरपंच चिडले. दादा जाऊन बघून आले आणि म्हणाले, "चूक माझीच. या अक्षरात कुणाला नाही म्हणता येत नाही. ते या-बसा म्हणतं." मग त्यांनी तिथं काळ्या रंगात उभं, करकरीत अक्षर काढलं. अलिबागचे एक वकील अशीच पाटी मागायला आले होते, त्यांना दादांनी चहा पाजून परत पाठवलं. "वकीलसाहेब, अशील दारात येईल आणि पेढे मागेल," म्हणाले. दुःखाच्या पाटीला तर ते या अक्षराचं नावही काढू देत नसत. आमच्या किनाऱ्यावर वाटीच्या अक्षरात कुणी मेलं नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.

मी बारा वर्षांची असल्यापासून दादांच्या हाताखाली होते. कड त्यांनी काढायची, आतलं अंग मी भरायचं. दोरीला खडू चोळून दोघांनी ताणून धरायची आणि टण्णकन सोडून पाटीवर रेघ उमटवायची, हा तर आमचा खेळच होता. पंधराव्या वर्षी मला कडही काढता यायला लागली आणि सोळाव्या वर्षी चमक. ही चमक म्हणजे अक्षराच्या खांद्यावर पांढऱ्या रंगाचा एक छोटा फटकारा. तो बरोबर बसला तर अक्षर फुगून वर येतं, चुकला तर आजारी दिसतं. पण हे सगळं घरच्या पडवीत. बाहेर भिंतीवर, बाजारात, शिडीवर मी चढायचं नाही, हा नियम. "मुलीच्या जातीनं भर बाजारात शिडीवर?" दादा म्हणायचे. एरवी इतका मोकळा माणूस, पण इथं हटून बसायचा. मी म्हणायचे, मला पेंटर व्हायचंय. दादा म्हणायचे, "आहेसच की, घरच्या घरी." मला ते शब्द फार झोंबायचे. घरच्या घरी काय, लोणचं घालतात. मला माझी पाटी चारचौघांच्या वाटेवर टांगलेली बघायची होती, आणि ती कुणाची असं विचारलं तर माझं नाव सांगितलेलं ऐकायचं होतं. एवढं एकच मागणं होतं माझं, बाकी मी कशालाच नाही म्हणत नव्हते.

तेवढ्यात दादा पडले. पडले तेही आपल्या गुणानं. अक्षर काढून झालं की दोन पावलं मागं सरून, मान वाकडी करून बघायची त्यांना सवय. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर 'र्फ' काढून झाला, तो इतका झकास जमला, की दादा बघायला मागं सरले. शिडीवर आहोत हे विसरले. खाली वाळूचा ढीग होता म्हणून निभावलं, पण उजवं मनगट मोडलं. अलिबागला जाऊन कोपरापर्यंत प्लास्टर घालून आले. आईनं दृष्ट काढली, हळदीचं दूध दिलं आणि मग पदरात तोंड लपवून हसून घेतलं. "कशावर पडलात हो?" शेजारी विचारायचे. दादा म्हणायचे, "अक्षरावर भाळलो."

श्रावण सुरू झाला होता. पावसाळाभर किनाऱ्यावर झावळ्यांखाली ओढून ठेवलेल्या होड्या उघडल्या होत्या, कोळीवाड्यात ठोकाठोक, रंगरंगोटी चालली होती. नारळीपुनवेला आठ दिवस उरले होते. अशात हिराबाय आली. हिराबाय म्हणजे आमची रोजची मासळीवाली, कोळीवाड्यातली. टोपली उतरवायच्या आधी ती आईशी भावावरून भांडायची आणि उतरवल्यावर दोन बोंबील वर टाकायची. त्या वर्षी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, दामू नाखव्यानं, नवी होडी बांधली होती आणि तिला हिराबायच्या सासूचं नाव द्यायचं ठरवलं होतं, कमळा. त्या दिवशी ती टोपली न घेता आली, आणि बरोबर खुद्द कमळाआजीला घेऊन आली.

म्हातारी पडवीत टेकली. डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आलेली. तिनं दादांचं प्लास्टर चाचपलं आणि कपाळावर हात मारला. "आयो! आता माझा नाव कोन काडील?" मग तिनं जे सांगितलं ते मी विसरणार नाही. होड्या परत यायच्या वेळी ती रोज वाळूत जाऊन बसायची. लांबून तिला सगळ्या होड्या सारख्याच, नुसते डाग. मग ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "आमची आली क रं?" पोरं टवाळ, उगाच सांगायची, आली आली. म्हातारी उठून पाण्यापर्यंत जायची आणि होडी निघायची भलत्याचीच. "मना वाचता येत न्हाय," ती दादांना म्हणाली, "पन माझा नाव मना वलखता येल. चांगला जाडा काड. आता मना कुनाला इचारायला लावू नको."  दादा आपल्या हाताकडे बघत राहिले.

"ही पोरगी करील की," हिराबाय माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मी दारात उभी होते. दादा म्हणाले, "ती बाहेर काम करत नाही." तेव्हा माजघरातून आई बाहेर आली, हातात उलथनं तसंच. "होडीला शिडी लागत नाही," ती म्हणाली. "वाळूत उभं राहून काढता येतं. आणि कोळीवाडा म्हणजे काय बाजार आहे?" मी आईकडे बघतच राहिले. जन्मभर ज्या अक्षरानं तिच्या वाट्या पळवल्या, त्याची बाजू घेऊन ती उभी होती! दादांनी बराच वेळ मान हलवली, मग मला समोर बसवलं. "होडीला तेल चोळलेलं असतं, माशाचं. आधी सोड्याच्या पाण्यानं खसखसून धुवायचं. रंग पातळ. जाड अक्षर म्हणजे रंग जाड, असं नाही. पातळ दोन हात द्यायचे आणि दोन्हींमध्ये एक अख्खा दिवस सोडायचा. समजलं?" समजलं, म्हटलं. "हे नीट झालं तर पुढचं बघू," दादा म्हणाले. पुढचं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते कळलं होतं आणि त्या रात्री मी भाकरीसुद्धा नीट खाल्ली नाही.

आणि मग श्रावणानं आपला गुण दाखवला. सकाळी ऊन, दुपारी सर, पुन्हा ऊन, पुन्हा सर. मी वाट्यांची जोडी घेऊन रोज कोळीवाड्यात जायचे आणि झावळीखाली बसून परत यायचे. असे सहा दिवस गेले. पुनवेच्या आदल्या दिवशी ऊन पडलं. मी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या चढत्या बाजूवर, खडूची रेघ मारली, वाट्या फिरवल्या, 'क'चे दोन गोल, 'म'ची गाठ, 'ळ'चे दोन गरगरीत गोल. तीनच अक्षरं, पण वाटीला काय काम होतं म्हणून सांगू! धुतलं मी, पण घाईघाईनं. आणि दुसरा हात द्यायला दिवस कुठला? म्हणून मी शहाणपण केलं. रंग पातळ करायला टर्पेंटाइन घातलंच नाही. डब्यातला रंग तसाच, घट्ट, एकाच हातात थापला. दोन्ही बाजूंना. काय दिसत होतं! जिलेबीसारखं चकाकत होतं. कोळणी कामं टाकून बघायला आल्या. कमळाआजीला कुणीतरी धरून आणलं, ती लांब उभी राहून डोळे बारीक करून बघत होती आणि मान डोलवत होती. मी हवेत तरंगत घरी आले. दादांनी विचारलं, "दोन हात दिलेस?" मी म्हटलं, "हो." एका अक्षराचं खोटं, आणि ते बोलून मी लगेच कुंचले धुवायला निघून गेले.

नारळीपुनवेला अख्खा कोळीवाडा किनाऱ्यावर. बायकांच्या अंगावर जरीची लुगडी, डोक्यात अबोली, पुरुष नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्यांत. बेंजो वाजत होता. आम्ही घरचे सगळे गेलो होतो, दादा गळ्यात हात अडकवून. समुद्राला नारळ वाहिला, होडीची पूजा झाली आणि मग तिला पाण्यात लोटायची वेळ आली. होडी कशी लोटतात? पाठ लावून. दामू नाखवा आणि त्याचे आठदहा भाऊबंद नाळेच्या दोन्ही अंगांना पाठी टेकून उभे राहिले, टाचा वाळूत रोवल्या आणि हेय्या, हेय्या सुरू झालं. होडी हलली, सरकली, पाण्यात शिरली. एकच जल्लोष! पुरुष वळून नाचायला लागले आणि मला पहिल्यांदा दामू नाखव्याची पाठ दिसली. त्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, लालभडक उलटा 'म'. चमकेसकट. शेजारच्याच्या पाठीवर 'क'चं पोट. तिसऱ्याच्या पाठीवर 'ळ'चा एक गोल, चौथ्याच्या पाठीवर दुसरा. आणि ते बापडे हात वर करून नाचताहेत, आणि 'कमळा' तुकड्या-तुकड्यांनी किनाऱ्यावर उड्या मारतेय!

आधी बेंजोवाला थांबला. मग हशा फुटला तो थांबेचना. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. दामू नाखव्याला कळेना काय झालं, तो गोल गोल फिरून आपलीच पाठ बघायला लागला. सदरा काढून बघितला, तेव्हा त्याचा चेहरा 'म'सारखाच लाल झाला. "ये पोरी! नवा सदरा माझा! आणि होडी बग माझी!" होडीकडे बघवत नव्हतं. तीन अक्षरांच्या जागी लाल-पिवळा चिखल. आज मला ते आठवून हसू येतं, मुक्ताला सांगताना मी खोकेपर्यंत हसले. पण तेव्हा मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. कारण त्या हसणाऱ्या गर्दीत एक जण हसत नव्हतं. कमळाआजी हिराबायचा हात धरून विचारत होती, "काय झायला? माझा नाव गेला क?"

दादा माझ्याजवळ आले. "दोन हात?" त्यांनी हळू विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. ते दामूकडे वळले. "होडी कधी निघणार?" त्यांनी विचारलं. उद्या सकाळच्या भरतीला. पहिली फेरी, मुहूर्त ठरलेला, आणि एकदा पाण्यात गेलेली होडी नावासाठी परत वाळूत कोण ओढणार? "मग पाण्यातच काढू," दादा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता हिराबायला सांगितलं, "एक लहान होडकं द्या. आणि सोडा. आणि रॉकेल."

खाडीच्या तोंडाशी, जिथं पाणी जरा निवांत होतं, तिथं 'कमळा' नांगरली. मी होडक्यात उभी, दादा समोर बसलेले, डाव्या हातानं मोठ्या होडीची कड धरून होडकं जमेल तितकं स्थिर ठेवत. मी रॉकेलनं सगळं पुसलं, सोड्यानं घासलं, हाताची सालं निघेपर्यंत घासलं, फडक्यानं कोरडं केलं. ऊन कडक होतं, देवाची कृपा. मग मी वाटी टेकवली. टेकवली आणि लाट आली, वाटी हातातून सुटली, बुडुक. दुसरी टेकवली, तीही गेली. आईच्या माहेरच्या दोन वाट्या अजून त्या खाडीत आहेत, कुणा खेकड्याच्या संसाराला लागल्या असतील. मी दादांकडे बघितलं. म्हटलं, आता? दादांनी होडीची कड आणखी घट्ट धरली. तेव्हा मी कुंचला उचलला आणि हातानंच गोल काढायला घेतला.

पाणी वर नेई तेव्हा हात वर जाऊ द्यायचा, खाली आणी तेव्हा खाली. पहिला 'क' काढताना माझे दात वाजत होते. 'म'पर्यंत हात पाण्याच्या चालीनं चालायला लागला. 'ळ' काढला तेव्हा मी घाबरायचं विसरले होते. पातळ रंग, पहिला हात, एक बाजू झाली की दुसरी. अख्खा दिवस नव्हताच, पण टर्पेंटाइन सढळ होतं आणि खारा वारा सुटला होता. त्या ऊनवाऱ्यात तो हात वाळेपर्यंत आम्ही दोघं होडक्यात समोरासमोर बसून राहिलो. आईनं किनाऱ्यावरून नारळीभाताचा डबा पाठवला, तो आळीपाळीनं खाल्ला. उन्हं कलायच्या आत दुसरा हात दिला, आणि शेवटी चमक. गोल वाटीसारखे तंतोतंत नव्हते. खालच्या अंगाला जरा जड होते, पाण्यावर बसल्यासारखे. मुक्ता परवा माझ्या पुढच्या काळातल्या एका पाटीवर बोट ठेवून म्हणाली, हा 'ळ' दादाआजोबांचा नाही, यात काहीतरी वेगळं आहे. आहेच. त्यात लाट आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे होडक्यातून जाऊन मी बोटाच्या मागल्या बाजूनं रंग चाचपून बघितला. वाळला होता. होडी गेली. घरी दादा माझ्याशी बोलेनात. ओरडले असते, एक लगावली असती, तर मला बरं वाटलं असतं. ते मीठ मागायचे तेही आईकडे. आई मध्ये पडायला गेली तर म्हणाले, "रंग चुकला तर पुसता येतो." एवढंच. मी तीन दिवस वालाचं बिरडं सोलत बसले, घरातले सगळे कुंचले तीनतीनदा धुतले, आणि मनात स्वतःलाच विचारत होते, दोन हात दिले असं का म्हटलंस, शके, का म्हटलंस?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होड्या यायच्या होत्या. मी गेले. दादाही आले होते, पण माझ्यापासून दहा पावलं लांब उभे. वाळूत टोपल्या मांडून कोळणी बसलेल्या, कमळाआजी आपल्या नेहमीच्या जागी. समुद्रावर दहाबारा डाग दिसायला लागले. टवाळ पोरं तयारच होती. "आजी, आली गं तुमची, ती बघ!" म्हातारीनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. कपाळावर हात धरून ती बघत राहिली. एक होडी जवळ आली, दुसरी आली. आमच्यापैकीही कुणाला नीट काही दिसत नव्हतं, सूर्य डोळ्यांवर होता.  रंग टिकला असेल का? की आत समुद्रात सगळा सोलून गेला?

म्हातारी एकदम उठली. "आयली," ती म्हणाली. "ती बग, मागनं तिसरी."

"आये, कशावरना?" हिराबायनं विचारलं.

"लिवलाय न्हवं तिच्यावर!" कमळाआजी तिच्यावर खेकसली. आणि कुणाचा हात न धरता, लुगडं वर खोचून, पाण्याकडे चालायला लागली. पोरं वाटेतून बाजूला झाली. मागून तिसरी होडी वळली, तिच्यावरचं ऊन बदललं, आणि मग आम्हा डोळसांनाही तिची लाल तीन अक्षरं दिसली.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी ते पुसलंही नाही. आधी आलेल्या एका होडीचा नाखवा, तोच ज्याच्या पाठीवर 'क'चं पोट उमटलं होतं, दादांजवळ आला. "पेंटर, आमच्या होडीला असा नाव कवा काडताव?"

दादांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून, मान वाकडी करून. दोन पावलं मागंही सरले.

"मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "पेंटर ती उभी आहे. पण तिला वेळ दे. दोन हात देते ती."